आडवा पट्टा पाडणारी पेटी: मराठीत काय म्हणावं?

सांगली, विश्रामबागेतून

आठ दिवस एका शब्दावर अडले आहे. यंत्रमागाचं एक माहितीपुस्तक इंग्रजीतून मराठीत करायचं काम घेतलंय. धोटा, कांडी, फणी, बीम या मागाच्या भागांच्या नावांपर्यंत सुरळीत चाललं होतं. मग आला ‘ड्रॉप बॉक्स’. रंगीत पट्ट्यांचं कापड विणायला लागणारी यंत्रणा, एवढं मागच्या-पुढच्या मजकुरावरून कळलं. शब्दकोशात ‘ड्रॉप’पुढे थेंब, पतन, घसरण असं काय काय होतं. मी ‘पतनपेटी’ लिहून मोकळी झाले. काम देणाऱ्यांनी ते पान माधवनगरच्या एका मागवाल्याला दाखवलं. त्यानं म्हणे एवढंच विचारलं, “यात कोण पडतं?” पान लाल शाईसकट परत आलं.

तेव्हा जाणकारांनी सांगावं: याला मराठीत काय म्हणतात? शिवाय कापड ‘पट्टेरी’ की ‘पट्टेदार’? आणि पट्टा घालतात, पाडतात, काढतात की टाकतात? मूळ पुस्तकात सगळीकडे एकच क्रियापद आहे, मी मात्र चार पानांत चार वापरलीत.

विट्याहून

ताई, पतनपेटी वाचून हसू आवरलं नाही, राग मानू नका. वीस वर्षं दुसऱ्याच्या मागावर काढली, आता स्वतःचे चार आहेत. आमच्याकडं त्याला नुसतं ‘पेटी’ म्हणत्यात. ‘दोन पेटीचा माग’, ‘चार पेटीचा माग’. फारच झालं तर ‘ड्रॉपबॉक्स’, तेही एका दमात.

पण आधी सांगा, पट्टा उभा का आडवा? तुम्ही नुसतं ‘पट्ट्यांचं कापड’ लिहिलंय. मागवाल्याला एवढ्यावर काही कळत नाही.

उभ्या पट्ट्याला पेटीबिटी काही लागत नाही. तो पट्टा मागावर यायच्या आधीच झालेला असतो. इंचाला 64 धागे धरा. 48 पांढरे, 16 निळे, परत 48 पांढरे, 16 निळे, असे सुताचे कोन क्रीलवर, म्हणजे कोनांच्या चौकटीवर, लावायचे आणि त्याच क्रमानं ताणा, म्हणजे उभे धागे, बीमच्या रुळावर गुंडाळायचा. 48 इंच पन्ह्याला 3072 धागे झाले, किनारीचे वेगळे. मग वहिफणीवाला एकेक धागा वहीच्या डोळ्यातनं आणि फणीच्या घरातनं ओढून घेतो. (इथली वही म्हणजे लिहायची वही नव्हं. धागे वर-खाली करणारी ती वही. तुमच्या पुस्तकात कुठं ‘नोटबुक’ झालं नाही ना, तेवढं बघून घ्या!) पुढं माग साधाच. पांढरा बाणा, म्हणजे आडवा धागा, टाकत बसायचं, उभा पट्टा आपोआप येतो. पण वहिफणीला एक निळा धागा इकडचा तिकडं गेला, तर ती चूक बीम संपेपर्यंत कापडात चालत राहते. काही केलं तरी झाकत नाही.

आडव्या पट्ट्याचं उलटं. तिथं ताणा एका रंगाचा असला तरी चालतो, रंग बदलायचा बाण्यात. आणि बाणा असतो धोट्यातल्या कांडीवर. धोटा म्हणजे बाणा या अंगाकडनं त्या अंगाला नेणारी होडी, कांडी म्हणजे तिच्यातलं सुताचं रीळ. एका धोट्यात एक कांडी, म्हणजे एकच रंग. तीन रंग पाहिजेत तर तीन धोटे. साध्या मागाला दोन्ही अंगाला एकेक घर, त्यात एक धोटा ये-जा करतो. मग बाकीचे दोन ठेवायचे कुठं? म्हणून एका अंगाला एकावर एक घरं असलेली पेटी बसवत्यात. ज्या रंगाची पाळी, त्याचं घर धोट्याच्या वाटेला समपातळीत येईल अशी सगळी पेटी वर चढते नाहीतर खाली उतरते. कुठल्या पिकाला, म्हणजे बाण्याच्या कुठल्या खेपेला, कुठलं घर, ते साखळी ठरवते. साखळीत भोकाची आणि बिनभोकाची पत्री असत्यात, साखळी फिरंल तशी पेटी हलते.

पडत तर काहीच नाही. पडलाच तर धोटा पडतो. पेटी नीट पातळीला आली नाही की धोटा घरात शिरायच्या ऐवजी उडतो. पुढं लोखंडी टोक असतं त्याला. मी एकदा खांद्यावर घेतलाय.

वाईहून, शाळेत मराठी शिकवून निवृत्त

वरचं उत्तर वाचून आनंद झाला. पण दादा, ‘पेटी’ एवढ्यानं भागेल का? पेटी म्हणजे हार्मोनियम, पेटी म्हणजे पत्र्याची ट्रंक, आंब्याची पेटी, मतपेटी. तांत्रिक पुस्तकात शब्द नेमका हवा. आमच्या वाईत विश्वकोशाचं काम वर्षानुवर्षं चाललं, तेव्हा परिभाषेचे वाद ऐकायची सवय आहे. एक टोक म्हणतं, सगळं संस्कृतातून घडवा. दुसरं म्हणतं, इंग्रजीच ठेवा. पतनपेटी हे पहिल्या टोकाचं अपत्य आहे.

थोडा इतिहास सांगितला तर शब्द सापडायला मदत होईल. जॉन के यानं 1733 मध्ये उडता धोटा काढला, म्हणजे हातानं इकडून तिकडे द्यायचा धोटा दोरीच्या झटक्यानं पळू लागला. विणकराचा वेग वाढला, पण रंग बदलायचा तर थांबून, एक धोटा काढून दुसरा ठेवावा लागे. त्याच्या मुलानं, रॉबर्ट के यानं, 1760 मध्ये ही अनेक घरांची पेटी काढली. बापानं धोटा पळवला, लेकानं त्याला घरं बांधून दिली म्हणा ना. कार्टराइटचा यंत्रमाग 1785 चा, म्हणजे ही पेटी मुळात हातमागाची. इंग्रज विणकरांनीही काही फार विचार करून नाव ठेवलेलं दिसत नाही, पेटी खाली येताना दिसली आणि ‘ड्रॉप’ म्हणून गेले. आपण त्या ‘ड्रॉप’ला का धरून बसायचं?

मी ‘फिरती पेटी’ सुचवते. फिरता रंगमंच, फिरतं वाचनालय, तसं.

मिरजेहून, कापडदुकान

तुमचं चालू द्या. आमच्या दुकानात ‘पट्टेरी’ कोणी म्हणत नाही. पट्टेरी वाघ असतो. गिऱ्हाईक मागतं ‘लायनिंगचा शर्ट’. आता लायनिंग म्हणजे खरं तर आतलं अस्तर. पण ब्लाउजला अस्तर मागायला आलेली बाईही लायनिंगच म्हणते आणि शर्टपीस घ्यायला आलेला तिचा नवराही लायनिंगच म्हणतो. कोणाला काय दाखवायचं ते आम्हाला बरोबर कळतं. जाड रेघ असली तर ‘पट्ट्याचं’, आणि म्हातारी माणसं नाड्याची चड्डी मागतात ती ‘पट्ट्यापट्ट्याची’. तिथं एका पट्ट्यावर भागत नाही, दोनदाच म्हणावं लागतं.

आणि एक. एकाच रंगात उजेडाला धरलं की दिसतो तो ‘सेल्फ पट्टा’. तो कसा येतो हे मलाही माहीत नाही. विटेकर सांगतील का?

विट्याहून

सांगतो की. सेल्फ पट्ट्यात रंग बदलत नाही, वीण बदलते. शेजारच्या धाग्यांची वीण साधी आणि पट्ट्यातल्या धाग्यांची साटीनची, म्हणून तिथं उजेड वेगळा पडतो. दोन वीणी एकदम चालवायच्या म्हणजे वह्या जास्त लागत्यात आणि त्या कधी कशा उचलायच्या त्याचा हिशोब साध्या टॅपेटला, म्हणजे साध्या मागावर वह्या हलवणाऱ्या चाकाला, झेपत नाही. तिथं डॉबी लागते. मागाच्या डोक्यावर एका कडंला बसते. जुन्या डॉबीला लाकडी पट्ट्यांची माळ असायची, पट्टीवर भोकं, भोकात खुंट्या. खुंटी असंल तिथं वही उचलायची, नसंल तिथं नाही. एका पट्टीवर दोन ओळी, म्हणजे दोन पिकं. आता बघा गंमत: लाकडाची पट्टी कापडात पट्टा पाडते. भाषेवाल्यांनी यावर लिहावं.

डॉबी हे नाव ‘ड्रॉ बॉय’वरनं पडलं असं आमचे जॉबर, म्हणजे मागांचे मिस्त्री, सांगायचे. पूर्वी मागावर दोऱ्या ओढायला एक पोरगं बसवायचे, त्याची जागा या यंत्रानं घेतली. खरंखोटं तुम्ही बघा.

आता बाईंना एक अडचण सांगतो. ‘फिरती पेटी’ नाव चांगलं आहे, पण ते आधीच दुसऱ्याचं आहे. गोल पेटी असते एक, बंदुकीच्या चक्रासारखी. तिच्यात बहुतेक सहा धोटे, आणि ती खरोखर फिरते. आमची पेटी फिरत नाही, चढते-उतरते. पुस्तकात पुढं त्या गोल पेटीचं पान आलं तर ताई परत अडकतील.

सांगली

आलंय! त्रेचाळिसावं पान. बरं झालं सांगितलंत.

मग ‘चढउतार पेटी’ कसं वाटतं? काय होतं ते शब्दातच दिसतं, कोणी पडत नाही, आणि गोल पेटीला ‘फिरती पेटी’ मोकळी राहते. एका प्रकरणात एकदा पूर्ण नाव देऊन पुढे नुसतं ‘पेटी’ लिहीन.

‘पट्टा’ या शब्दानं मात्र छळलं. पुस्तकात मोटरीचा पट्टाही आहे. एका पानावर मी लिहून ठेवलंय: ‘पट्टा सैल झाल्यास पट्टा बिघडतो.’ मलाच दोनदा वाचावं लागलं. त्यात आमचं मूळ घर खटाव तालुक्यातलं. आमच्याकडे पट्टा म्हटलं की उसाची पट्टा पद्धत, नाहीतर कचेरीतला पट्टेवाला.

वाईहून

चढउतार पेटी मान्य. माझी सूचना मागे घेते.

पट्टा-पट्टी यातला फरक सांगून ठेवते. पट्टा रुंद, पट्टी अरुंद, आणि रेघ त्याहून बारीक, हे तर आहेच. पण कापडाच्या कडेला गेला की तोच पट्टा ‘काठ’ होतो, धोतराला ‘किनार’ होतो, आणि लुगड्याच्या टोकाला आडवा आला की ‘पदरा’त जमा होतो. म्हसवडच्या बाजारात काळ्या घोंगडीच्या कडेनं पांढऱ्या लोकरीची पट्टी असलेली पाहिली आहे. तिथं रंगारी नाही, मेंढरंच दोन रंगांची. इंग्रजीला या सगळ्याला एक शब्द पुरतो म्हणून मराठीनं एकच वापरायची गरज नाही. जागा बघून शब्द घ्यावा.

क्रियापदाचं: उभा पट्टा ‘घालतात’, कारण तो आधी ठरवून ताण्यात बसवलेला असतो. आडवा पट्टा ‘पडतो’ किंवा ‘पाडतात’, कारण तो विणता विणता उमटतो. सेल्फ पट्टाही विणता विणताच उमटतो, म्हणून विटेकरांनीही वर नकळत असंच लिहिलंय बघा, ‘पट्टा पाडते’. ‘काढणे’ हे भरतकामाला आणि रांगोळीला ठेवा. पट्टा ‘टाकत’ मात्र कोणी नाही, टाकतात तो बाणा.

विट्याहून

बाई, मी असा विचार करून लिहिलं नव्हतं, पण बरोबर आहे. आमच्यात ताण्यातल्या रंगाला कोणी ‘उभा पट्टा पाडला’ म्हणणार नाही.

ताई, एक गोष्ट पुस्तकात नसंल तर टीप म्हणून घाला. पेटी एकाच अंगाला असंल तर पट्ट्यात पिकं कायम समच येत्यात. दोन, चार, आठ, बावीस. कारण निळा धोटा पेटीतनं निघून पलीकडं गेला, की पलीकडं घर एकच. तो परत आल्याशिवाय दुसरा रंग सोडता येत नाही. जाऊन-येऊन दोन पिकं झालीच. एका पिकाची, तीन पिकांची रेघ पाहिजे तर दोन्ही अंगाला पेट्या लागत्यात. घरातला कुठलाही आडव्या पट्ट्यांचा जुना टॉवेल घ्या आणि मोजा, तो कसल्या मागावर झाला ते कळंल.

आता रॅपिअर माग आलेत, त्यांना धोटाच नाही, मग पेटी कुठली. बाजूला उभ्या कोनांवरनं पाहिजे तो रंग बोट पुढं करतं. तुमचं पुस्तक छापून येईपर्यंत पेटी भंगारात जायची, त्या आधी नाव ठरलं हे बरं.

सांगली

दादा, काल रात्री मोजलं. आईच्या ट्रंकेतला एक जुना टॉवेल होता, पांढऱ्यावर लाल आणि निळ्या आडव्या पट्ट्या. धागे मोजायचं इंचाचं भिंग नव्हतं, सुई आणि मोबाईलच्या टॉर्चवर काम भागवलं. सुईच्या टोकानं एकेक धागा बाजूला सारत गेले. लाल 2, पांढरे 6, निळे 8, पांढरे 6, लाल 2. पुढच्या पट्टीला पुन्हा तेच. सगळे सम.

आईनं विचारलं काय करतीस, मी म्हटलं, पिकं मोजते. ती म्हणाली, “पीक काढत्यात, मोजत्यात व्हय कधी?”

पण तिसऱ्या पट्टीत निळे 7 निघाले. तीनदा मोजले, सातच. मग हा दोन्ही अंगाच्या पेट्यांचा माग का?

विट्याहून

नाही ताई. बाकी सगळं सम आणि एकाच जागी विषम, म्हणजे माग एका अंगाच्या पेटीचाच. तिथं बाणा तुटला असणार. बाणा तुटला की माग थांबतो, मग मागवाल्यानं माग उलटा फिरवून तुटलेलं पीक शोधायचं, अर्धवट धागा काढायचा आणि तिथनंच पुढं चालू करायचं. यानं एक पीक कमी शोधलं आणि हँडल मारून माग चालू केला. रात्रपाळी असंल.

त्या सातव्या निळ्याला लागून पांढरा धागा जरा लांब सुटल्यासारखा दिसतोय का, तेवढं टॉर्च लावून बघा.