नागरिक म्हणजे नगरातला, मग आपण खेड्यातले कोण?

पऱ्हाटीवाला:
रामराम मंडळी. आमची पोट्टी सातवीत हाये, परवा उद्देशिका पाठ करून राहिली होती, "आम्ही, भारताचे लोक" झालं, पुढे "त्याच्या सर्व नागरिकांस" आलं तं थांबली अन् मले म्हणते बाबा, नगर म्हणजे शहर ना, मग नागरिक म्हणजे शहरातला, आपण तं इथं वावरात राहतो. म्या म्हटलं आपणही नागरिकच, तं म्हणते काऊन? आता या काऊनचं काय करू. माहीत असन त्यानं नीट सांगा, पानठेल्यावरच्या गप्पा नको.

निवृत्त मास्तर:
पोरीनं बरोबर पकडलं. समाजावरून सामाजिक, तसा नगरावरून नागरिक. जुन्या संस्कृतात या शब्दात हक्कबिक्क काही नव्हतं. नागर म्हणजे शहरी, चतुर, थोडक्यात खेडवळच्या उलटा. आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर 'नागरिक' हे चक्क एका अधिकाऱ्याचं पद आहे, शहराचा कारभार पाहणारा. त्याच्या हाताखाली गोप, दहा, वीस नाहीतर चाळीस कुटुंबांमागे एक, त्यानं घरोघरची माणसं, त्यांचा धंदा, मिळकत, खर्च सगळं ठाऊक ठेवायचं (आमच्या जनगणनेच्या ड्युटीची आठवण झाली). शहरातले लोक ते पौर, खेड्यापाड्यातले ते जानपद. पुढं इंग्रजीतल्या सिटिझनला आपल्याकडे शब्द पाहिजे होता, तेव्हा हाच जुना शब्द कामी आला.

वऱ्हाडची सून:
मास्तर, सिटिझनची गंमत याच्याहून भारी आहे. लॅटिनमध्ये सिविस म्हणजे आपल्यातला माणूस, अशा सगळ्यांचा मिळून सिविटास, आणि सिटी हा शब्द त्या सिविटासवरून आलाय. भिंती-रस्त्यांच्या शहराला त्यांच्याकडे वेगळा शब्द, अर्ब्स. म्हणजे तिथे आधी माणूस, मग शहर. ग्रीकमध्ये मात्र आपल्यासारखं, पोलिस म्हणजे नगरराज्य आणि त्यावरून पोलितेस म्हणजे नागरिक (ठाण्यातले पोलीस पण याच घराण्यातले बरं का). पण अथेन्सचा नागरिक व्हायला शहरात घर लागत नव्हतं. इ.स.पू. ५०८ च्या सुमारास क्लायस्थेनीस नावाच्या तिथल्या पुढाऱ्यानं गावं-मोहल्ले धरून डेम म्हणजे छोटे विभाग पाडले, मुलगा अठराचा झाला की बापाच्या डेमच्या यादीत नाव चढायचं, आणि कितीतरी डेम म्हणजे शेतकऱ्यांची गावंच. बाया आणि गुलामांना मत नव्हतं, त्यामुळे फार हुरळून जायचं कारण नाही. पोरीला हे पण सांगा.

बांधावरून:
ग्रीस-रोम ठीक हाये, पण आपल्या आज्याच्या बापाले कोणी नागरिक म्हटलं का? तो रयत. रयत अरबीतला शब्द, मुळात राखलेला कळप, म्हणजे राजा गुराखी अन् आपण ढोरं. प्रजा म्हणा तं त्याचा जुना अर्थ लेकरं. ढोरं नाहीतं लेकरं, मोठं माणूस कोणीच नाही. अन् वऱ्हाडात तं मालकही दोन, मुलूख नावाले निजामाचा, १८५३ पासून कारभार इंग्रजाचा.

पोरीच्या काऊनचं उत्तर घटनेत हाये, कलम ५ काढा. भारतात अधिवास पाहिजे, अन् जन्म इथला, किंवा मायबापापैकी एकाचा जन्म इथला, किंवा घटना लागू व्हायच्या आधी सलग पाच वर्षं इथं राहिलेला. शहर-खेडं काहीच इचारत नाही. बहुतेक घटना २६ जानेवारी १९५० ले लागू झाली, पण नागरिकत्वाची ५ ते ९ कलमं २६ नोव्हेंबर १९४९ लेच. आधी माणसं कोण ते ठरलं, बाकीचं दोन महिन्यानं. आता जे जन्मतात त्यायच्यासाठी १९५५ चा कायदा हाये, तो वेगळा इषय.

निवृत्त मास्तर:
रयतेत राखण करण्याचा, सांभाळण्याचा अर्थही आहे हो, अगदी ढोरं नका म्हणू.

बांधावरून:
सांभाळते कोणाले मास्तर? ढोराईलेच ना.

पऱ्हाटीवाला:
लय आभार सगळ्याईचे. कलम ५ वाचून दाखवलं, पोट्टी मानली. पण आज शाळेतून येता येता ग्रामपंचायतीच्या फळ्यावर ग्रामसभेची नोटीस वाचून आली, "गावातील सर्व ग्रामस्थ व नागरिक यांना कळविण्यात येते की". आता इचारून राहिली, बाबा, आपण याच्यातले कोणते?