अंग मुडपून झोपणारी पोर भित्री असते का?

लेकीची आई, दारव्हा तालुका

माझी लेक नववीत आहे. गुडघे पोटाशी घेऊन, वाकळीत पार डोकं खुपसून झोपते. जाऊबाईंच्या व्हॉट्सॲपवर कुठूनसं आलं, असं झोपणारी माणसं भित्री अन् मनात कुढणारी असतात. तेव्हापासून घरात तेच. पाहुण्यांसमोरही बोलतात, पोर खाली मान घालून ऐकते. मला ते सोसत नाही. गेल्या पावसाळ्यात गोठ्यात साप निघाला तेव्हा बॅटरी धरून हीच उभी राहिली होती.

त्याच मेसेजात होतं, उताणे झोपणारे कमी बोलणारे, शिस्तीचे. आमचे मामाजी जन्मभर उताणेच झोपले आणि स्वभावही तसाच. पण दिवाळीपासून त्यांना आडवं झालं की कोंदल्यासारखं होतं. गोधड्यांची चळत पाठीशी घेऊन बसल्या बसल्या डोळा लावतात. म्हातारपणी स्वभाव बदलला की झोपही बदलते का? यामागे काही अभ्यास आहे का?

जागलकरी, दिग्रस

ताई, पोरीले भित्री म्हणू नका. थंडीत आमच्या इकडं सारेच मुडपून झोपतात. मी हरभऱ्याच्या जागलीले मचाणावर जातो, तिथं पाय लांब करायची सोयच नाही. मे महिन्यात आंगणात बाज टाकली की तोच माणूस हातपाय पसरून झोपते. मग उन्हाळ्यात स्वभाव बदलते काय?

निवृत्त गुरुजी, पुसद

अभ्यासाचं विचारलंत म्हणून सांगतो. २००३ मध्ये ब्रिटनमधले झोपेचे अभ्यासक ख्रिस इड्झिकोव्स्की यांनी १००० लोकांची पाहणी करून झोपण्याच्या सहा तऱ्हा मांडल्या. हे मेसेज बहुतेक तिथूनच फिरत आलेले असतात. त्यात ४१ टक्के लोक तुमच्या लेकीसारखे मुडपून झोपणारे निघाले, आणि त्यांच्याबद्दल लिहिलं होतं ‘बाहेरून कणखर, आतून हळवे’. भित्रे नव्हे. शिवाय शंभरातल्या एक्केचाळीस जणांचा स्वभाव एकच, हे मला तरी पटत नाही. जाऊबाईंना हा आकडा सांगा.

परिचारिका, ग्रामीण रुग्णालय

ताई, लेकीची काळजी सोडा. डाव्या कुशीवर झोपत असेल तर छातीतली जळजळही कमी होते, कारण त्या कुशीवर जठर अन्ननलिकेच्या खाली राहतं आणि आम्ल सहसा वर येत नाही. जेवणानंतरची वामकुक्षी आपल्याकडे डाव्या कुशीवरच सांगितली आहे.

मला काळजी वाटली ती मामाजींची. आडवं झाल्यावर दम कोंडणं आणि उठून बसल्यावर बरं वाटणं, याचा स्वभावाशी काही संबंध नाही. हृदय कमजोर झालं की असं होतं. आडवं होताच पायांकडचं पाणी छातीकडे परततं, हृदयाला ते पुढे ढकलणं जमत नाही, ते फुप्फुसात साठतं. फुप्फुसाच्या दुखण्यातही असं होऊ शकतं, म्हणून तपासल्याशिवाय नाव देऊ नका. एक करून बघा. संध्याकाळी त्यांच्या नडगीवर बोट दाबून धरा. खळगा पडून तसाच राहतो का? चपला घट्ट होतात का? रात्री दचकून उठून खिडकीशी जातात का?

लेकीची आई

आत्ताच बघितलं. दोन्ही पायांवर खळगा पडतो आहे. चपलेचा पट्टा त्यांनी मागच्या आठवड्यातच सैल करून घेतला, मला वाटलं चामडं आकसलं. खिडकीशीही जातात, म्हणतात गरम होते. एवढ्या थंडीत!

परिचारिका

मग बाजाराच्या दिवसाची वाट पाहू नका. उद्या सकाळच्याच एस.टी.ने यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात न्या. बी.पी.च्या, साखरेच्या, गुडघेदुखीच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घ्या, दुकानातून आणलेल्या सुद्धा. गुडघ्याच्या काही गोळ्यांनी अंगात पाणी धरतं, डॉक्टरांना ते कळायला हवं. ईसीजी आणि छातीचा फोटो काढतील. आज रात्री त्यांना जबरदस्तीने आडवं करू नका, बसूनच झोपू द्या, आणि ताटात लोणचं-पापड वाढू नका. रात्री बसूनही दम लागला, ओठ निळे दिसले किंवा छातीत दुखलं तर सकाळपर्यंत थांबायचं नाही, १०८ ला फोन करा.