एचबीए१सी ५.२, फास्टिंग १४१ : सिकलसेल वाहक पेशंटमध्ये कोणता आकडा धरायचा?

रानपाखरू (प्रश्न)

पुरुष, वय ४६, वजन ५४ किलो, गडचिरोली जिल्हा. शिबिरात शुगर जास्त निघाली म्हणून पुढे तपासलं. लघवी, तहान, वजन घटणं, काहीच तक्रार नाही.

फास्टिंग (शिरेतलं रक्त) १४१, जेवणानंतर दोन तासांनी २३८. घरी आशाताईंनी ग्लुकोमीटरवर आठवडाभर घेतलेल्या नोंदींची सरासरी १७१. एचबीए१सी (हिमोग्लोबिनला चिकटलेल्या साखरेवरून मागच्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरचा अंदाज देणारी चाचणी) मात्र ५.२. हिमोग्लोबिन १०.१, एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) ९१. सोल्युबिलिटी (सिकलसेलची प्राथमिक चाचणी) पॉझिटिव्ह होती. एचपीएलसीवर (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी तपासणी) एएस पॅटर्न (नेहमीचं ए आणि सिकलचं एस, म्हणजे वाहक), एस ३७ टक्के, रक्त कधी चढवलेलं नाही.

लॅबवाले म्हणतात, "व्हेरिएंटमुळे (वेगळ्या प्रकारच्या हिमोग्लोबिनमुळे) आकडा चुकला, बोरोनेट पद्धतीवर करून घ्या." त्यासाठी सॅम्पल नागपूरला पाठवावं लागेल. पाठवू का? आणि तोवर याला डायबेटिस म्हणायचं की नाही?

---

जांभळी_नळी

पाठवायला हरकत नाही, पण आकडा बदलेल या आशेवर राहू नका. एचबीए१सी दोन अगदी वेगळ्या वाटांनी चुकतो आणि रिपोर्टवर दोन्ही सारख्याच दिसतात.

एक वाट मशीनची. आयन-एक्स्चेंज एचपीएलसी विद्युतभारावरून हिमोग्लोबिन वेगळं करते. एखादं व्हेरिएंट ए१सीच्या किंवा ए-झिरोच्या (साखर न चिकटलेल्या ए च्या) शिखरात मिसळलं की टक्केवारी बिघडते. बोरोनेट पद्धत हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर पकडते, त्यामुळे ही चूक तिथे बहुतेक टळते. मात्र आजच्या बहुतेक एचपीएलसी मशीन एस वेगळा काढतात आणि ए१सीचा हिशोब ए पुरताच करतात. लॅबकडून क्रोमॅटोग्राम (शिखरांचा आलेख) मागवा, नुसता आकडा नको. ए१सीचं शिखर सुटं, टोकदार आणि एस त्याच्या जागी दिसत असेल, तर मशीनला दोष देता येणार नाही.

दुसरी वाट तांबड्या पेशींच्या आयुष्याची. पेशी साधारण १२० दिवस जगते आणि तेवढा काळ साखर गोळा करते. ती ६० दिवसांतच मेली तर साखर चिकटायला वेळच मिळत नाही. मग कोणत्याही मशीनवर आकडा खालीच येणार, कारण मशीन बरोबर मोजतंय, रक्तच कोवळं आहे. नागपूरचा रिपोर्टही ५.२ च्या आसपास आला तर तुमचं कोडं या वाटेवरचं.

आणि सॅम्पल पाठवायचंच तर ईडीटीएची जांभळ्या टोपणाची नळी, २ ते ८ अंशांवर. गोठवू नका.

---

उपाशीपोटी

वरच्याशी सहमत, पण "वाहक आहे म्हणून ए१सी कमी" हे उत्तर घाईचं होईल. हिशोब करून बघा.

सरासरी शुगर = २८.७ × ए१सी − ४६.७. म्हणजे ५.२ ला सरासरी १०३ हवी. उलट्या दिशेने, १७१ सरासरीला ए१सी ७.६ हवं होतं. तफावत २.४ ची. (हे सूत्र २००८ च्या एडॅग अभ्यासातलं. त्यात अ‍ॅनिमिया आणि हिमोग्लोबिनोपॅथीचे लोक घेतलेच नव्हते, तेव्हा या पेशंटला ते फक्त अंदाजापुरतं.)

नुसत्या एएसमुळे किती फरक पडतो? २०१७ साली जामा या वैद्यकीय नियतकालिकात साडेचार हजारांवर आफ्रिकन-अमेरिकन लोकांचा अभ्यास आला. तेवढ्याच शुगरला वाहकांचं ए१सी सुमारे ०.३ ने कमी निघालं. शिबिरात ६.५ ची रेघ मारून लोक निवडताना ०.३ महत्त्वाचा आहे, पण त्याने २.४ ची दरी भरत नाही. शिवाय साध्या वाहकाचं हिमोग्लोबिन १०.१ होत नाही. म्हणजे दुसरं काहीतरी आहे.

लोहाची कमतरता? ती ए१सी बहुधा वर नेते, खाली नाही. बी१२ चंही तेच. एमसीव्ही ९१ आहे, तेव्हा ती दिशा सोडाच. खाली नेणारी कारणं शोधा: हिमोलिसिस (तांबड्या पेशी वेळेआधी फुटणं), अलीकडे झालेला रक्तस्राव, नुकतीच सुरू झालेली लोहाची किंवा बी१२ ची ट्रीटमेंट, इपोइटिन (तांबड्या पेशी वाढवणारं इंजेक्शन), वाढलेली पानथरी. रेटिक काउंट (कोवळ्या तांबड्या पेशींचं प्रमाण), एलडीएच, इनडायरेक्ट बिलिरुबिन (ही दोन्ही पेशी फुटल्या की वाढतात) आणि स्मिअर (काचेवर पसरलेलं रक्त) एवढं तालुक्यालाही होतं. औषधांची यादी मात्र नीट विचारा, "गोळ्या चालू आहेत का" एवढ्यावर थांबू नका.

आता निदान. दोन चाचण्यांचं जमत नसेल तर जी रेघेच्या वर आहे ती पुन्हा करायची. इथे ए१सी बाद, म्हणजे प्लाझ्मा ग्लुकोज. फास्टिंग पुन्हा १२६ किंवा वर आलं की डायबेटिस, विषय संपला. तुमचं २३८ जेवणानंतरचं आहे. लक्षणं असती तर २०० च्या वरचं कोणतंही एक रॅन्डम पुरलं असतं. लक्षणं नाहीत म्हणून ते पुरावा म्हणून अपुरं. ग्लुकोमीटरवर निदान करायचंच नाही. हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं टक्केवारीतलं प्रमाण) कमी असला की बऱ्याच पट्ट्या आकडा वाढवून दाखवतात, हा पेशंट ३० च्या आसपास असणार. पट्टीच्या डबीतल्या कागदावर हिमॅटोक्रिटची मर्यादा छापलेली असते, ती बघा.

फास्टिंग १२६ च्या अलीकडे-पलीकडे घुटमळलं तर ओजीटीटी (ग्लुकोज पाजून करायची चाचणी). आधी तीन दिवस नेहमीचं जेवण (भात-भाकरी तोडलेली नको, दिवसाला किमान १५० ग्रॅम कर्बोदकं), रात्रभर किमान आठ तास उपास, ७५ ग्रॅम निर्जल ग्लुकोज २५० ते ३०० मिली पाण्यात, पाच मिनिटांत संपवायचं. घड्याळ पहिल्या घोटापासून. पाकिटावर "मोनोहायड्रेट" लिहिलं असेल तर ८२.५ ग्रॅम लागतं, हे हमखास विसरलं जातं. दोन तास बसून राहायचं, तंबाखूही नाही. दोन तासांचं २०० किंवा वर आलं की डायबेटिस.

---

रानपाखरू

रेटिक ६.२ टक्के, एलडीएच वाढलेलं, इनडायरेक्ट बिलिरुबिन १.९. औषधांचं विचारलं तर कुष्ठरोगाची एमडीटी (अनेक औषधांचं एकत्र पाकीट) पाचवा महिना चालू आहे. पाकीट घरी होतं, "शुगरच्या गोळ्या" नाहीत म्हणून त्याने सांगितलं नव्हतं. फास्टिंग पुन्हा १३८. मात्र सॅम्पल सकाळी आठला घेतलं आणि लॅबला साडेअकराला पोचलं, ग्रे टोपणात.

---

उपाशीपोटी

मग हेच ते. एमडीटीच्या मोठ्यांच्या पाकिटात डॅप्सोन रोज १०० मिग्रॅ असतं. त्याचं शरीरात जे रूपांतर होतं, ते तांबड्या पेशींना ऑक्सिडेशनने मारतं. हिमोग्लोबिन फारसं न घसरताही डॅप्सोनवर ए१सी खाली आलेलं दिसतं, तुमच्याकडे तर रेटिकच साक्ष देतंय. वाहक असणं हा इथे योगायोग. तो एचपीएलसीवर डोळ्यात भरतो म्हणून सगळे त्याच्याच मागे लागतात.

१४१ आणि १३८, दोन वेगळ्या दिवशी. डायबेटिस आहे.

उशिराबद्दल: ग्रे नळीतलं फ्लोराइड ग्लायकोलिसिस शेवटच्या टप्प्यांत अडवतं, म्हणून पहिला तास-दोन तास शुगर उतरतच राहते (फ्लोराइड नसेल तर तासाला ५ ते ७ टक्के). नंतर ती स्थिरावते. म्हणजे खरा आकडा १३८ किंवा थोडा वरच असणार, निदानाला धक्का नाही. पण १२२-१२४ आलं असतं तर याच उशिराने पेशंट सुटला असता. पुढच्या वेळी नळी बर्फाच्या पाण्यात ठेवा आणि अर्ध्या तासात सेंट्रिफ्यूज करून प्लाझ्मा वेगळा करा. सायट्रेट असलेल्या नळ्या मिळाल्या तर आणखी बरं.

डॅप्सोन स्वतःहून बंद करू नका, कुष्ठरोगाच्या टीमशी बोला. जी६पीडी (तांबड्या पेशींना ऑक्सिडेशनपासून वाचवणारं एन्झाइम) तपासा, पण एक खोच आहे: रेटिक वाढलेले असताना कोवळ्या पेशींत एन्झाइम जास्त असतं, त्यामुळे कमतरता असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. नॉर्मल आला तर काही आठवड्यांनी पुन्हा. ओठ निळसर आणि पल्स ऑक्सिमीटर ऑक्सिजन देऊनही ८५ च्या आसपास अडकलेला दिसला तर मेथहिमोग्लोबिन (ऑक्सिजन वाहू न शकणारं हिमोग्लोबिन).

रिअ‍ॅक्शन (कुष्ठरोगात अचानक येणारी सूज) आली आणि प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) ४० मिग्रॅने सुरू झालं तर फास्टिंगवर विसंबू नका. सकाळच्या एका डोसाने शुगर दुपारनंतर चढते, सकाळी बरी दिसते. दुपारच्या जेवणानंतर दोन तासांची आणि संध्याकाळची बघा.

---

पिशवीवाली_पर्यवेक्षिका

एसएस पॅटर्नचे (वाहक नव्हे, सिकलसेल आजार असलेले) पेशंटही याच शिबिरात येतात, २०२३ च्या राष्ट्रीय मोहिमेनंतर तर ओळखलेले वाढलेत. त्यांचं ए१सी करावं का?

---

जांभळी_नळी

नाही. एसएसमध्ये हिमोग्लोबिन ए नसतंच, मग ए१सी कशाचं मोजणार? मशीनने आकडा दिलाच तर तो दुसऱ्या कशाचा तरी, किंवा चढवलेल्या रक्तातल्या दात्याच्या पेशींचा. बोरोनेटवर आकडा येतो, पण पेशी दहा-वीस दिवसच जगतात, तेव्हा तोही निरुपयोगी. वाहक म्हणून नोंदलेल्यात एस ५० टक्क्यांच्या वर दिसला तर एस-बीटा थॅलसेमिया (सिकलसेल आजाराचाच एक प्रकार) असू शकतो, त्यालाही हेच लागू.

निदान प्लाझ्मा ग्लुकोजने. फॉलो-अपला फ्रुक्टोसामिन (रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेली साखर), जे दोन-तीन आठवड्यांची सरासरी सांगतं. अल्ब्युमिन ३ च्या खाली असेल किंवा लघवीतून प्रथिनं जात असतील तर तेही खोटं खाली येतं. हायड्रॉक्सीयुरिया (सिकलसेलचं औषध) चालू असेल आणि कुणी सेन्सर (अंगावर लावून सतत शुगर मोजणारा) लावायचं सुचवलं तर माहितीपत्रक आधी वाचा: डेक्सकॉम जी६ आणि जी७ वर हायड्रॉक्सीयुरियाने आकडा खोटा वर जातो. त्यावर इन्सुलिन वाढवलं तर शुगर धाडकन खाली येईल.

---

रानपाखरू

मेटफॉर्मिन ५०० जेवणाबरोबर सुरू केलं, क्रिएटिनिन ठीक आहे. ए१सी पुन्हा केव्हा?

---

उपाशीपोटी

एमडीटी संपून तीन महिने झाल्यावर, रेटिक नॉर्मल असेल तरच. तोवर महिन्याला फास्टिंग आणि जेवणानंतरचं, जमलं तर तीन महिन्यांनी फ्रुक्टोसामिन. डोळ्यांचा पडदा आणि लघवीतलं अल्ब्युमिन आत्ताच करून घ्या, शुगर किती जुनी हे ए१सीवरून कळणार नाही. मोनोफिलामेंटही (धागा टोचून तळपायाची संवेदना तपासणं) करा, पण तळपाय बधिर निघाला तर डायबेटिसच्या नावावर टाकण्याआधी नसा चाचपा, पेशंट कुष्ठरोगाचा आहे.

कार्डावर लाल पेनाने लिहा: "डॅप्सोन चालू, ए१सी ग्राह्य नाही." नाहीतर पुढच्या शिबिरात कुणीतरी ५.२ बघून मेटफॉर्मिन बंद करील.