परिषदेची जेवणावळ संग्रहालयाच्या दालनात हवी का?

मांडवीकर
बडोद्यात परवा डॉक्टरांच्या एका परिषदेचं रात्रीचं जेवण लोककला संग्रहालयाच्या दालनात झालं. पिठोरा या आदिवासी भित्तिचित्राच्या फलकाला लागूनच गरम भांडी, खाली पेटत्या ज्योती. माझा याला ठाम विरोध आहे. भरतकामाच्या जुन्या कापडांवर 50 लक्सच्या वर प्रकाश नको, असा संग्रहालयांचा दंडक आहे. इथे फोटोंसाठी हॅलोजन लावले होते! तेलकट वाफ सुतात मुरली की धूळ धरून ठेवते. सांडलेल्या अन्नामागे झुरळं, उंदीर येतात, ते वेगळंच.

अलकापुरी
काका, पिठोरा मुळात कुठे असतो? राठवा आदिवासींच्या घरी, ओसरीच्या भिंतीवर. नवस फेडायला लखारे, म्हणजे पिठोऱ्याचे चित्रकार, तो रंगवतात, रंगात दूध आणि मोहाची दारू घालतात, बडवो म्हणजे पुजारी विधी करतो, मग बोकड कापून गावजेवण होतं. अशा चित्रासमोर जेवण निषिद्ध कसं? एरवी त्या दालनात शाळेच्या सहलींखेरीज कोण फिरकतं? भाड्याच्या पैशातून निदान छताची गळती तरी थांबेल.

मांडवीकर
राठवांची भिंत पुन्हा लिंपता येते, नव्या नवसाला नवा पिठोरा होतो. फलक काळवंडला तर तो लखारा कुठून आणणार? आणि ते गावजेवण नवसाचं असतं. इथे पाहुणे फलकाकडे पाठ करून ताटं घेऊन उभे होते.

दांडियाबाजार
मला वेगळंच खटकतं. 2013 पर्यंत छोटा उदेपूर आपल्याच जिल्ह्यात होता. आजही पिठोरा रंगवणारे तिथे आहेत. त्यांच्यापैकी एकाला तरी पाहुणा म्हणून बोलावलं होतं का? जेवण अंगणात ठेवा, डिसेंबरात बडोद्याची हवा किती छान असते. त्याआधी तासभर लखाऱ्याने स्वतः पाहुण्यांना चित्र समजावून सांगावं, आणि तज्ज्ञ वक्त्याइतकंच मानधन घ्यावं.

अलकापुरी
ताई, मानधनाचं शंभर टक्के मान्य. पण जेवण अंगणात मांडलंत तर दिवसभर भाषणं ऐकून थकलेली माणसं आत पाऊल टाकणार नाहीत. कोरडं खाणं, पाणी आणि मंद दिवे एवढं तरी आत चालू द्या.

मांडवीकर
कोरडं म्हणता म्हणता फरसाणाचा चुरा जमिनीवर पडतोच. पाण्याची बाटली आत नेऊ द्या, त्यापुढे काही नाही. आणि भाड्याच्या करारात अनामत रक्कम लिहून घ्या. दुसऱ्या दिवशी संग्रहालयाच्या माणसाने प्रत्येक वस्तू तपासल्यावरच ती परत मिळावी.