नुसत्या गाड्या वाढवून भागत नाही
मिनीबस वाढवल्या की थांब्यावरची गर्दी हटेल, हे अर्धंच खरं आहे. हिशेब बघा: जाऊन-येऊन फेरी १२० मिनिटांची आणि गाड्या १२, तर दर १० मिनिटांना गाडी. शहर वाढलं, कोंडीमुळे फेरी १५० मिनिटांवर गेली, की तेवढ्याच सेवेला १५ गाड्या लागतात. नव्या ३ गाड्या कोंडीतच जिरल्या.

शिवाय गाड्या एकामागे एक चिकटून धावायला लागतात. पुढची जरा उशिरा आली की थांब्यावर माणसं जास्त साठलेली. दार एकच, दारातच सुट्ट्या पैशांची शोधाशोध, पायरीवरच्यांनी आधी खाली उतरून वाट द्यायची. ती आणखी मागे पडते आणि मागची रिकामी गाडी तिला गाठते. म्हणून शेवटच्या थांब्यावर फेरीच्या १०-१५ टक्के वेळ राखून ठेवायचा आणि पुढच्या गाडीशी अंतर बघूनच गाडी सोडायची.

पण चालक मालकाला रोजची ठरावीक रक्कम देऊन उरलेले पैसे स्वतः ठेवत असेल, तर गाडी भरल्याशिवाय तो हलणारच नाही. आधी त्याचा मोबदला तासावर किंवा किलोमीटरवर आणा, मग वेळापत्रक लावा.