लेकराला मोठ्या दवाखान्यात कशानं नेलं? विदर्भातल्या खेड्यांतले अनुभव

शहरातला डॉक्टर ताप कधीपासून, दुखतं कुठं, जेवली का, सगळं विचारतो. कशानं आलात, हे क्वचितच कोणी विचारतं. खेड्यातल्या आईबापाचा अर्धा जीव तर तिथंच खर्ची पडलेला असतो. म्हणून हा धागा. एसटी, रेल्वे, काळी-पिवळी, फटफटी, डोंगा, १०८ ची ॲम्ब्युलन्स, मेट्रो, ज्यानं कशानं लेकरू नेलं असेल त्यानं लिहावं. गाडी कुठं बदलली, वाटेत लेकराला काय दिलं, कोण कामी आलं, हे बारकाईनं लिहा. पुढच्याला तेच लागतं.

सुरुवात मी करते.

आम्ही नागभीडकडचे. मुलीला सिकलसेल आहे. नागभीडहून भिवापूर, उमरेड करत नागपुरातल्या इतवारी स्टेशनला जाणारी नॅरोगेजची छोटी गाडी होती. हळू होती, पण लेकराला बाकावर आडवं करता यायचं आणि इतवारीहून मेयो, म्हणजे तिथला मोठा सरकारी दवाखाना, जवळ पडायचं. २०१९ मध्ये ब्रॉडगेजच्या कामासाठी ती बंद झाली, तेव्हापासून एसटी. सिकलसेलमध्ये रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांत अडकतात. पाणी कमी पडलं, थंडी लागली, की दुखणं उठतं. म्हणजे प्रवासात पाणी हेच औषध. आणि नेमकं तेच पोरगी पीत नव्हती. पाणी प्यायलं की लघवीला लागणार, आणि मध्येच बस कोण थांबवणार, एवढंच तिच्या डोक्यात. मला हे कळायला वेळ लागला नाही, कारण लहानपणी मीही तेच करायची. मग मी चढतानाच कंडक्टरला सांगू लागले, "दादा, बिमार लेकरू आहे, उमरेडला दोन मिनिटं जास्त लागतील." एकानंही नाही म्हटलं नाही. बाटलीवर पेनानं रेघा मारल्या: भिवापूरपर्यंत ही रेघ, उमरेडपर्यंत ती. आता ती स्वतःच रेघ पाहते आणि पिते. हिवाळ्यात खिडकीची सीट टाळतो, पायात मोजे, अंगावर शाल. दवाखान्यात पोहोचायच्या आधीच दुखणं उठलं तर ओपीडीच्या रांगेत उभं राहत नाही, सरळ कॅज्युअल्टीत जातो.

आता तुम्ही लिहा.

*

धारणी तालुका, आशाताई

मेळघाटातून अमरावतीला जायचं म्हणजे हरिसाल, सेमाडोह, घटांग करत परतवाड्याला उतरायचं आणि मग पुढे. मध्ये बराच वेळ मोबाईलला रेंज नसते. म्हणून आमच्या सिस्टर गाडी सुटायच्या आधी धारणीहूनच अमरावतीला फोन करून ठेवतात की बाळ निघालं, वजन इतकं, श्वास असा आहे.

मी ज्या बाळासोबत गेले ते दीड किलोचं होतं. सिस्टरनं त्याला आईच्या उघड्या छातीला लावलं, तोंड एका बाजूला, हनुवटी छातीत दबणार नाही अशी. डोक्याला टोपी, पायात मोजे, वरून लुगड्याचा पदर घट्ट. माझ्याकडे एक काम दिलं: थोड्या थोड्या वेळानं हाताच्या मागच्या बाजूनं बाळाचं पोट आणि तळपाय पाहायचे. पोट गरम आणि तळपाय गार लागले, की बाळ गारठायला लागलं समजायचं. दोन्ही गार म्हणजे फारच झालं.

घाटात वळणं सुरू झाली आणि आईला उलट्या लागल्या. ओली बाळंतीण, पोटात अन्न नाही. तिच्या सासूला मी कोरकूत समजावलं आणि बापाला शर्टाची बटणं काढायला लावली. त्यानं बाळ छातीशी धरलं ते परतवाड्यापर्यंत. आधी लाजला, मग हालेचना. बापाच्या अंगाची ऊबही तेवढीच चालते, हे सगळ्या आशांनी घरच्यांना निघण्याआधीच सांगून ठेवावं. घाटात आईला उलटी झाली तर बाळ कोण घेणार, हे गाडीत बसल्यावर ठरवायची गोष्ट नाही.

*

भामरागडच्या पलीकडचा शिक्षक

आमच्याकडे पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. वर्गातल्या एका मुलाला ताप होता, मग झटके सुरू झाले. मलेरिया डोक्यात गेला असणार, असं सगळ्यांना वाटलं. गावातून खाटेला दोऱ्या बांधून, मध्ये बल्ली घालून कावड केली आणि चार-चार जण आळीपाळीनं खांदा देत भामरागडला आणलं. तिथं रक्त तपासलं, मलेरियाच निघाला. सुई सुरू झाली. पुढे पाठवायचं तर नदी मध्ये. पाणी थोडं उतरल्यावर डोंग्यानं पार केलं. पोराच्या डोक्यावर ताडपत्री, सलाईनची बाटली मी हातात उंच धरलेली, नावाडी गोंडीत एकसारखा सांगत होता की हलू नका. पलीकडच्या काठावर १०८ उभी होती, कारण अलीकडून डॉक्टरांनी वेळ कळवली होती. हेमलकसा, आलापल्ली आणि मग गडचिरोली. पोरगं वाचलं, आता सातवीत आहे.

मला एवढंच ठासून सांगायचं आहे. पहिली सुई भामरागडलाच मिळाली म्हणून पुढचा रस्ता त्याच्या अंगाला सोसला. "थेट नागपूरलाच नेतो" म्हणून जवळचा दवाखाना ओलांडून जाऊ नका.

*

कारंजा तालुका, बाप

सरांशी सहमत. आमच्या पोराला रात्री तापात झटका आला. घरची फटफटी काढली. मी चालवत, मध्ये पोरगं, मागं बायको, तिनं त्याला कुशीवर कललेलं धरलं होतं. समृद्धी महामार्गावर दुचाकी चालत नाही, त्यामुळे तो विचारच करू नका. फटफटी पहिल्या सरकारी दवाखान्यापर्यंत ठीक. तिथून पुढे अमरावतीला १०८ नंच गेलो. आमच्या राज्यात या गाडीवर डॉक्टर असतो, २०१४ पासून ही सेवा आहे आणि एक पैसा लागत नाही. आणि एक, झटका चालू असताना तोंडात चमचा, कांदा, बोट काही घालू नका.

*

काळी-पिवळीवाला, कुरखेड्याकडून

ताई, मले लिहाची सवय नाही, पण लिहितो. आमच्या रूटवर गाडी भरल्याशिवाय हालत नाही, हे खरं आहे. डिझेल निघालं पाहिजे ना. पण मांडीवर लेकरू निपचित दिसलं का मी थांबत नाही. बाकीच्या पॅसिंजरले सांगतो, "चला जी, लेकराचं काम हाय." बाजाराच्या दिवशी गाडीत कोंबड्या, भाजीची पोती, पाय ठेवाले जागा नसते, तरी बाया पुढची सीट खाली करून देतात. वडशाले पोचलो का थेट दवाखान्याच्या गेटात लावतो. तुमी फक्त बसतानीच सांगा का लेकरू बिमार आहे. लोक लाजतात, चादरीत झाकून बसतात, अन् आमाले मंग उतरताना समजते.

*

एसटी वाहक, यवतमाळ जिल्हा

मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट झालं, पाच वर्षांखालच्या लेकराला तिकीटच नाही. चांगलंच झालं. पण माझ्या बसमध्ये मला एक फरक दिसतो. पूर्वी नवराबायको दोघं लेकरू घेऊन यायचे. आता बाप म्हणतो, माझं तिकीट पूर्ण, मजुरी बुडते, तूच जा. मग आई एकटी, काखेत लेकरू, खांद्याला पिशवी, हातात फाईल. शहरात उतरल्यावर केसपेपरच्या रांगेत उभं राहायचं, का लेकरू सांभाळायचं, का रक्ताचा रिपोर्ट आणायला पळायचं? मी बापांना विनंती करते, पहिल्या वेळी तरी सोबत या. ते जमत नसेल तर नणंद, आई, शेजारीण, कोणी तरी बाई सोबत घ्या, तिलाही अर्धंच तिकीट आहे.

परतीच्या शेवटच्या बसची वेळ सकाळीच स्टँडवर विचारून हातावर लिहून घ्या. ओपीडीत तीन वाजले की बायांचा जीव खालीवर होतो, डॉक्टर काय सांगतात त्याकडे लक्षच राहत नाही.

*

वरोऱ्याजवळून, वडील

अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आलं होतं, त्यांना मुलाच्या छातीत आवाज आला. नागपूरला एम्सला पाठवलं, ते मिहान भागात आहे. वरोऱ्याहून रेल्वेनं नागपूर स्टेशन, तिथूनच मेट्रो, सीताबर्डीला बदलून खापरीकडची गाडी. लिफ्ट आहे, बसायला जागा भेटते, धूळ नाही. मुलगा धाप न लागता पोहोचला, हेच मोठं. स्टेशनच्या बाहेर ऑटोवाले सरळ एम्सपर्यंतचे जे पैसे सांगतात, त्यापेक्षा हे फार कमी. मेट्रोतून उतरल्यावर थोड्या अंतरासाठी ऑटो लागतोच, भाव बसण्याआधी ठरवा.

*

राळेगावची आई

जाण्याचं सगळ्यांनी लिहिलं, येण्याचं मी लिहिते. माझं बाळ तीन महिन्यांचं, न्यूमोनियानं भरती होतं. सुट्टी झाली तेव्हा हातात पैसे संपलेले, बाहेर पाऊस, आणि बाळ नुकतं कुठं सावरलेलं. वॉर्डातली एक सिस्टर म्हणाली, एक वर्षाच्या आतल्या बिमार बाळाला सरकारी दवाखान्यातून घरी सोडायलाही मोफत गाडी आहे, १०२. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात ते बसतं. तिनं फोन लावला, आम्ही दारात उतरलो. शेजारच्या खाटेवरची बाई आदल्या दिवशी त्याच पावसात एसटीनं गेली होती, तिला कोणी सांगितलं नव्हतं. सुट्टीचा कागद हातात पडायच्या आधीच विचारा. गाडी यायला वेळ लागतो.

*

मी, धागा सुरू करणारी

किती कामाचं लिहिलंत सगळ्यांनी. वाहक ताईंचं वाचून मी नवऱ्याला वाचून दाखवलं, पुढच्या तारखेला तो सोबत येणार आहे.

दोघी-तिघींनी सिकलसेलच्या सवलतीचं विचारलं. एसटीच्या साध्या बसमध्ये सिकलसेलच्या रुग्णाला मोफत प्रवास आहे. कागद कोणता लागतो, ते आगारात आधी विचारून ठेवा म्हणजे ऐनवेळी वाद होत नाही. रेल्वेतही उपचारासाठीच्या प्रवासाला निम्मी सवलत आहे, तिला दवाखान्याचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. मूळ प्रत घरी ठेवू नका, तीच सोबत न्या, आणि झेरॉक्स दोन जास्तीच्या.

सिरोंचाकडून अजून कोणी लिहिलं नाही. तिकडचे लोक नदी ओलांडून मंचेरियल, वरंगलला लेकरं नेतात, नागपूर त्यांना फार लांब पडतं. तिथं भाषेचं कसं जमतं, आपल्याकडचे कागद तिथं चालतात का, परत आल्यावर इथल्या डॉक्टरांना तेलुगूतली चिठ्ठी कोण वाचून दाखवतं, हे कोणाला माहीत असेल तर जरूर लिहा. गोंदिया, सालेकसा, देवरीवाल्यांनीही लिहा.