दहा महिने द्या म्हटलं तर किती पोरं टिकतील?

माहीमचा_बाब्या
अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दादर चौपाटीवर होतो. तीन-चार कॉलेजांची एनएसएसची, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेची, पोरं आलेली. वाळूतून पीओपीचा एक हात दिसत होता, तो उपसायला तिघं लागली, तर खालून अख्खी पाठ निघाली. कामाला पोरं वाघ. पण साडेनऊला बॅनर उघडला, फोटो झाला, हजेरीवर सह्या झाल्या आणि दहाला सगळे पसार. उरलेलं पालिकेचे कामगार भरत बसले.

अमेरिकेत अमेरिकॉर्प्स या सरकारी सेवा-संस्थेची एनसीसीसी नावाची योजना आहे. १८ ते २६ वयाची पोरं, आठ ते बारा जणांची टोळी, दहा महिने घराबाहेर. कुठे वादळाने पाडलेली घरं उभी करायची, कुठे जंगलातली वाट नीट करायची. एक काम संपलं की पुढचं गाव. राहणं, जेवण, थोडा हातखर्च मिळतो आणि शेवटी शिक्षणासाठी काही रक्कम. आपल्याकडे एनएसएसचे वर्षाला १२० तास, तेही तुकड्या-तुकड्यांनी. पदवीनंतर दहा महिने सक्तीचे करून टाका, असं माझं स्पष्ट मत आहे.

टीवाय_कुर्ला
काका, दहा महिने कोणाच्या जिवावर? पप्पा रिक्षा चालवतात. मी लेक्चर संपलं की रात्री अकरापर्यंत पार्सलं पोचवतो. हातखर्चात माझं भागेल हो, घराचं कसं भागणार? आणि त्या दिवशी चौपाटीवर मीपण होतो. दहाला पसार झालो कारण साडेअकराला टेस्ट होती.

निवृत्त_मास्तर
बाब्याराव, सक्तीची कल्पना नवी नाही. आपल्याच चिंतामणराव देशमुखांच्या, १९५९ साली नेमलेल्या समितीने शिफारस केली होती, की शाळा संपवून कॉलेजात जाऊ पाहणाऱ्यांना नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रीय सेवा सक्तीची करावी. खर्च आणि व्यवस्था कोणालाच झेपेना, म्हणून ते बारगळलं. मग गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ ला, ३७ विद्यापीठांत ४० हजार स्वयंसेवक घेऊन एनएसएस सुरू झाली, ती ऐच्छिकच. मी काही वर्षं कार्यक्रम अधिकारी होतो. स्वतःहून आलेला पोरगा आणि पाठवलेला पोरगा फावडं धरण्यावरूनच ओळखू येतो.

आणि ज्या एनसीसीसीचे गोडवे गाताय, तिच्या पोरांना एप्रिल २०२५ मध्ये सरकारी खर्चकपातीत मधूनच घरी पाठवलं. कामं अर्धवट टाकून.

चौपाटीशेजारी
फुकटची पोरं मिळतात म्हणून पगारी सफाई कामगार वाढवत नाहीत, हे कोणी बोलतच नाही. दहा महिन्यांची टोळी म्हणजे आणखी स्वस्त कामगार.

माहीमचा_बाब्या
शेजारी, चौपाटी सोडा, गावात कामं पडलीत. मास्तर, सक्तीचं मागे घेतो. लांब मुदतीचं नाही घेत. एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिरात काय होतं?

आटगावकर
काय होतं ते मी सांगतो. आमच्या शहापूर तालुक्यात भातसा आहे, तानसा आहे. तुमच्या नळाला ते पाणी येतं आणि आमच्या पाड्यावर मार्चपासून टँकर. तीन वर्षांमागे मुंबईच्या एका कॉलेजचं शिबिर आलं, वनराई बंधारा घालायला. डिसेंबरअखेर. पोरांनी सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरली, तोंडं शिवली, सुरेख रचल्या. ओहोळात तेव्हा घोटाभरसुद्धा पाणी नव्हतं! अडवणार काय? बंधारा घालायचा पाऊस सरता सरता, ओहोळ वाहता असताना. तेव्हा आम्ही भातकापणीला, हात कमी पडतात ते तेव्हाच. पोरं झकास होती, माझ्या आईने रोज भाकऱ्या केल्या त्यांना. पण कधी यायचं हे आम्हाला कोणी विचारलं नाही.

निवृत्त_मास्तर
खरं आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सेमिस्टरची परीक्षा, म्हणून शिबिर डिसेंबरात. ओहोळाला परीक्षेचं वेळापत्रक कळत नाही.

माहीमचा_बाब्या
म्हणूनच म्हणतो! दहा महिन्यांची टोळी असती तर ऑक्टोबरात तिथेच असती.

टीवाय_कुर्ला
त्यासाठी दहा महिने कशाला? दिवाळीची सुट्टी आहे की. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी चालेल?

आटगावकर
पळेल. दोन दिवसांचं काम आहे, पंधरा जण हवेत.

टीवाय_कुर्ला
आठ पक्के, बाकीचे बघतो. मास्तर, हे तास धरतील का?

निवृत्त_मास्तर
मंजुरीशिवाय कठीणच. तुमच्या सरांना विचारून बघ.

टीवाय_कुर्ला
नाही धरले तर नाही. आसनगावला उतरायचं की आटगावला?

आटगावकर
आटगाव. कसारा लोकल पकडा. गोण्या आम्ही जमवतो, सुतळी आणि चार-पाच दाभणं तेवढी आणा. मागच्या वेळी दोनच होती, त्यातलं एक मोडलं.